घरून काम करताना दार कोण राखतं?

घरून काम करणं घरासाठी चांगलं की वाईट, असं विचारलं की दोन अगदी उलट उत्तरं कानावर येतात. एक जण म्हणतो, प्रवासाचा जाच संपला, मूल शाळेतून येतं तेव्हा दार उघडायला मी असतो, आता पुन्हा रोज ऑफिसला जाणं नको. दुसरी म्हणते, घराला घरपण राहिलं नाही, जेवतानाही डोळा फोनवर असतो, दिवसभर घरात असून कुणाच्याच वाट्याला येत नाही. दोघंही खरं सांगतात. पुष्कळदा तर ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाची असतात, एक सोमवारचं आणि एक गुरुवारचं.

घरून काम एकाच वेळी दोन गोष्टी करतं. ते माणसाला वेळ देतं, आणि काम कुठे संपतं ही खूण पुसून टाकतं. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसते, मोजताही येते. दुसरीचा भार मात्र गुपचूप घरातल्या कुणातरी एकावर येऊन पडतो. तो कुणावर पडला यावरून त्या घराला हा प्रकार सुखाचा झाला की जाचाचा, हे बऱ्याच अंशी ठरतं. मला मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीबद्दल सांगायचं आहे.

आधी वेळेचा हिशेब करू. २७ देशांतल्या नोकरदारांची माहिती गोळा करून अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने २०२३ साली मांडलं की, घरून काम केलेल्या दिवशी जाण्यायेण्याची सरासरी ७२ मिनिटं वाचतात. हा वेळ जातो कुठे, हेही त्यांनी विचारलं. सुमारे ४० टक्के वेळ पुन्हा कामातच जातो, ३४ टक्के फुरसतीत, आणि ११ टक्के मुलांची किंवा घरातल्या कुणाची काळजी घेण्यात. म्हणजे वाचलेल्या ७२ मिनिटांतला जवळपास अर्धा तास परत नोकरीलाच मिळतो आणि काळजीच्या वाट्याला आठेक मिनिटं येतात. ही सरासरी आहे, तीत एकटे राहणारेही धरलेले आहेत. तरीही ‘घरून काम म्हणजे कुटुंबाला वेळ’ हे समीकरण वाटतं तितकं सरळ नाही, एवढं यातून दिसतं.

मुळात ही कल्पना जन्मली तेव्हा विचार कुटुंबाचा नव्हताच. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत जॅक नाइल्स या अभियंत्याने टेलिकम्यूटिंगची कल्पना मांडली. माणसं कामाकडे नेण्याऐवजी काम माणसांकडे नेलं तर रस्त्यांवरची गर्दी आणि इंधनाचा खर्च कमी होईल, हा त्यामागचा हिशेब होता. प्रवास वाचवण्यासाठी शोधलेली ही सोय पुढे थेट स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचली.

ओढाताण तीन प्रकारची असते

नोकरी आणि घर यांच्यात माणसाची ओढाताण होते म्हणजे नेमकं काय होतं? १९८५ साली जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल या दोन संशोधकांनी याचे तीन प्रकार सांगितले. ती मांडणी आजही उपयोगी पडते.

पहिली ओढाताण वेळेची. मुलाच्या शाळेत पालकसभा आणि ऑफिसात मीटिंग एकाच वेळी आली, तर एकीकडे जाता येतं, दुसरीकडे नाही. दुसरी ताणाची. वेळ हाताशी असतो, पण सकाळी ग्राहकाशी झालेली वादावादी डोक्यात घोळत असते आणि संध्याकाळी समोर बसलेल्या माणसाचं बोलणं कानात शिरत नाही. तिसरी वागण्याची. कामावर जे गुण लागतात, म्हणजे झटपट निर्णय, मुद्द्यावर या, आकडे दाखवा, तेच घरी लावले तर माणसं दुखावतात. रडणाऱ्या मुलाला मुद्द्यावर यायला सांगता येत नाही.

घरून काम केल्याने यातला पहिला प्रकार बराच हलका होतो. दुसरा आणि तिसरा मात्र वाढू शकतो. ऑफिस ते घर या वाटेवर ताण थोडा उतरायचा, वागण्याचा सूर बदलायचा. आता लॅपटॉप मिटला की चार पावलांवर घरची माणसं उभी असतात. प्रवास कंटाळवाणा होता हे खरंच आहे, पण ऑफिसातला माणूस ते घरातला माणूस हा बदल करायला त्या वाटेने सवड दिली होती. ती सवड गेली की तेवढा बदल काही सेकंदांत करावा लागतो, आणि तो नेहमी जमत नाही.

दोन्ही दिशांनी गळती

२००६ साली टिमथी गोल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५४ नोकरदारांचा अभ्यास केला. तो निष्कर्ष मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. जितकं जास्त काम घरून, तितका नोकरीचा कुटुंबात होणारा अडथळा कमी, असं त्यांना आढळलं. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण त्याच माणसांच्या बाबतीत उलटा अडथळा वाढला होता. कुटुंब नोकरीत जास्त येऊ लागलं होतं, आणि घरात माणसं जितकी जास्त तितका हा उलटा अडथळा मोठा.

म्हणजे ओढाताण संपली नव्हती, तिची दिशा बदलली होती. ‘तुला घरासाठी वेळच नाही’ ही तक्रार कमी झाली आणि ‘मला एक तास सलग बसता येत नाही’ ही वाढली. पहिली तक्रार कुटुंबाची असते, ती मोठ्याने बोलली जाते. दुसरी काम करणाऱ्याची असते, आणि तो ती बहुधा मनातच ठेवतो, कारण मूल जवळ आलं याची तक्रार करायची कशी? मग तो रात्री, सगळे झोपल्यावर, राहिलेलं काम उरकतो. सकाळी झोप अपुरी, त्यामुळे चिडचिड. ती चिडचिड पुन्हा घरच्यांच्याच वाट्याला येते.

हे जवळून कसं दिसतं? संध्याकाळी साडेपाचचा सुमार. आई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आहे, कानाला हेडफोन आहे, मीटिंगमध्ये तिची पाळी अजून यायची आहे. पाच-सहा वर्षांची मुलगी हातात चित्र घेऊन येते आणि खुर्चीच्या कडेला उभी राहते. आई हाताने थांब अशी खूण करते, हसते आणि पुन्हा स्क्रीनकडे बघते. मुलगी थांबते. मग चित्राचा कोपरा हळूच आईच्या दंडाला लावते. तेवढ्यात पलीकडून आईचं नाव पुकारलं जातं. ती माइक सुरू करते, पहिलं वाक्य बोलते आणि दुसरं विसरते. आतल्या खोलीत वडीलही मीटिंगलाच बसले आहेत. त्यांच्याकडे मुलगी गेलेली नाही. ते दार लावलेलं आहे, आणि दार लावलेलं असलं की जायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे.

या दहा मिनिटांत कुणी कुणाशी वाईट वागलेलं नाही. तरीही आईची मीटिंग विस्कटली, मुलीचं चित्र बघितलं गेलं नाही, आणि वडिलांना यातलं काहीच कळलं नाही.

आई दुसरं वाक्य का विसरली, याचं उत्तर सोफी लरॉय यांच्या २००९ सालच्या संशोधनात मिळतं. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम तेवढंच कच्चं होतं. ऑफिसात असं दिवसातून काही वेळा होतं. घरात मात्र नोकरीतून घरात आणि घरातून नोकरीत अशी ये-जा दर काही मिनिटांनी होते. संध्याकाळी आलेला थकवा हा कामाच्या ओझ्याइतकाच या सततच्या ये-जेचा असतो. ‘दिवसभर घरीच तर होतीस, दमलीस कशाने?’ या प्रश्नाला हे उत्तर आहे.

व्हिडिओ मीटिंगचा थकवा याखेरीज. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलनसन यांनी २०२१ साली त्याची कारणं मांडली: सतत जवळून रोखलेले चेहरे, समोर अखंड दिसणारा स्वतःचा चेहरा, एकाच जागी जखडलेलं शरीर, आणि हावभाव समजून घ्यायला व दाखवायला पडणारे जादा कष्ट. स्वतःचा चेहरा दिसणं बंद करता येतं, अनेक मीटिंग नुसत्या आवाजावर होऊ शकतात. इतक्या साध्या गोष्टी टीमने एकदा ठरवल्या तर निभावतात.

दिवस लांबला की पसरला?

२०२० साली साथीमुळे ऑफिसं बंद झाली तेव्हा संशोधकांच्या एका गटाने १६ महानगरांतल्या ३१ लाखांहून अधिक नोकरदारांच्या ईमेल आणि मीटिंगच्या नोंदी तपासल्या. नावं, मजकूर वगळून फक्त वेळा. मीटिंगची संख्या सुमारे १३ टक्क्यांनी वाढली होती, प्रत्येक मीटिंग सरासरी २० टक्क्यांनी छोटी झाली होती, आणि कामाचा दिवस सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबला होता.

हा शेवटचा आकडा नेमका कशाचा आहे ते समजून घ्यायला हवं. दिवसातल्या पहिल्या मेलपासून किंवा मीटिंगपासून शेवटच्यापर्यंतचं अंतर, असं ते मोजमाप आहे. त्यात मधले सगळे तास कामाचेच होते असं नाही. मध्ये कुणी मुलाला जेवू घातलं असेल, कुणी दुपारी पाठ टेकली असेल. म्हणून दिवस लांबला म्हणण्यापेक्षा पसरला म्हणणं जास्त बरोबर. पुढे मायक्रोसॉफ्टनेही आपल्या नोंदींमधून असंच काहीसं दाखवलं. पूर्वी कामाची दोन शिखरं असत, दुपारच्या जेवणाआधी एक आणि नंतर एक. आता काही जणांच्या बाबतीत रात्री दहाच्या सुमारास तिसरं शिखर दिसू लागलं.

पसरलेला दिवस वाईटच असतो का? नाही. संध्याकाळी चार ते सात मुलांसोबत राहून रात्री दोन तास काम करणं ज्याने स्वतः निवडलं, त्याला तो दिवस वरदान वाटू शकतो. पण जो चार ते सातही मोकळा नव्हता आणि रात्रीही बसला, त्याच्यासाठी ते तिसरं शिखर म्हणजे निव्वळ जादा काम. बाहेरून, नोंदींमध्ये, दोघांचे दिवस सारखेच दिसतात.

हा फरक समाजशास्त्रज्ञ क्रिस्टेना निपर्ट-एंग यांनी घरून काम रूढ होण्याच्या कितीतरी आधी, १९९६ साली, मांडला होता. त्या लोकांच्या किल्ल्यांचे जुडगे बघत. काही जण घरच्या आणि ऑफिसच्या किल्ल्या वेगळ्या ठेवत, काही जण एकाच कडीत ओवत. कॅलेंडरही कुणाची एक, कुणाची दोन. काहींना घर आणि काम वेगळं ठेवल्यावरच स्वस्थ वाटतं, काहींना मिसळलेलं चालतं, किंबहुना आवडतं. बहुतेक जण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. यात चूक-बरोबर काही नाही. वेगळं ठेवणाऱ्याला मिसळायला भाग पाडलं की तो गुदमरतो, आणि मिसळणाऱ्याला नऊ ते सहा खुर्चीत बांधलं की तोही.

एकाच घरात नवरा एका प्रकारचा आणि बायको दुसऱ्या प्रकारची असली तर भांडणाला वेगळं कारण लागत नाही. रात्री नऊला एका मेलचं उत्तर देणं ही एकाच्या लेखी दोन मिनिटांची गोष्ट असते आणि दुसऱ्याच्या लेखी घरात ऑफिस घुसल्याची खूण. दोघांनी आपण कुठल्या प्रकारातले हे एकमेकांना एकदा नीट सांगितलं तर अर्धे वाद मिटतील, असं मला मनापासून वाटतं.

दार राखण्याचं काम

ऑफिसची इमारत एक काम मुकाट्याने करत असे. ती घरच्यांना सांगत असे, हा माणूस आत्ता मिळणार नाही. आणि संध्याकाळी ऑफिसला सांगत असे, हा माणूस आता निघाला. त्यासाठी कुणाला बोलावं लागत नसे, वाईटपणा घ्यावा लागत नसे. घरून काम सुरू झालं की हे ‘आत्ता नाही’ म्हणण्याचं काम माणसांवर येतं. मुलांना थोपवायचं, फोन घ्यायचे, दार वाजलं की उठायचं, ज्येष्ठांना वेळेवर औषध द्यायचं, शेजारच्या खोलीत मीटिंग चालू आहे म्हणून घर शांत ठेवायचं. हे काम कुणाच्याच यादीत नसतं, म्हणून ते वाटूनही घेतलं जात नाही. ज्याला नाही म्हणणं सगळ्यांत अवघड जातं, त्याच्या ते गळ्यात पडतं.

बहुतेक घरांत ती बाई असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी काळजीकामाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रिया देतात. दिवसाचा हिशेब केला तर स्त्रियांचे सरासरी ४ तास २५ मिनिटं आणि पुरुषांचे १ तास २३ मिनिटं. हा असमतोल घरून कामाने निर्माण केलेला नाही, पण घरून काम त्याच्यावर येऊन बसतं. नवरा घरून काम करू लागला की ‘तो कामात आहे’ आणि बायको घरून काम करू लागली की ‘ती घरीच आहे’, अशी दोन वाक्यं एकाच छताखाली ऐकू येतात. दार असलेली खोली कुणाला मिळते आणि जेवणाचं टेबल कुणाला, हे बघितलं तरी पुष्कळ कळतं.

भावंडांतही हेच होतं. आईवडील आजारी पडले की जो घरून काम करतो त्याच्याकडे पहिला फोन जातो. बाकीच्यांना रजा काढावी लागते, ‘तुला काय, लॅपटॉप घेऊन कुठेही बसता येतं’. काळजी घेता येणं हा घरून कामाचा फार मोठा लाभ आहे. पण ती एकट्यानेच घ्यायची हे गृहीत धरलं गेलं की त्या माणसाची नोकरीही जाचक होते आणि सेवाही.

आणि जोडीदार? व्हर्जिनिया टेकचे विल्यम बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. कामाच्या वेळेनंतर मेल बघितली जाईल ही ऑफिसची अपेक्षा असली की, प्रत्यक्ष मेल बघण्यात फार वेळ गेला नाही तरी, नोकरदाराची अस्वस्थता वाढते. आणि त्याचा परिणाम जोडीदाराच्या स्वास्थ्यावरही दिसतो. फोन वाजण्याची गरज नसते. तो वाजू शकतो, एवढं पुरतं. घरात एकाचा जीव टांगणीला लागला की दुसरा निवांत राहू शकत नाही. मानहाइम विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ झाबीने झोनेनटाग यांनीही पुन:पुन्हा हेच मांडलं आहे: थकवा भरून निघायला नुसती विश्रांती पुरत नाही, कामापासून मन सुटावं लागतं.

मुलांच्या बाबतीत मी थोडं सांभाळून लिहिते. पालक घरी असण्याचे फायदे खरे आहेत. शाळेतून आल्या आल्या सांगायची गोष्ट रात्रीपर्यंत शिळी होते, ती ऐकायला कुणी असणं मोलाचं आहे. विशेषतः अनेक वडिलांना मुलांचा दिवस पहिल्यांदाच दिसला. पण जवळ असणं आणि हाताशी असणं यात मूल फरक करतं. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळत असते, मग काही वेळ तिने चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, प्रतिसाद येत नाही म्हटल्यावर अस्वस्थ होतं आणि तोंड फिरवतं. स्क्रीनमध्ये बुडालेला पालक म्हणजे तो प्रयोग नव्हे, आणि कामात असलेल्या आईवडिलांनी अपराधी वाटून घ्यावं असंही मला म्हणायचं नाही. समोर असलेल्या चेहऱ्याकडून मूल प्रतिसादाची वाट बघतं, एवढंच त्यातून घ्यायचं. म्हणून लहान मुलाच्या दृष्टीने ‘मी चारपर्यंत या खोलीत आहे, चारला बाहेर येईन’ हे, दिवसभर समोर बसून दर वेळी ‘थांब’ म्हणण्यापेक्षा सोपं असतं. चारला मात्र खरोखर बाहेर यावं लागतं.

एकटं राहणाऱ्यांचं काय?

या विषयावरचा सगळ्यांत नावाजलेला प्रयोग शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये झाला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने तो चालवला. इच्छुक आणि पात्र अशा २४९ जणांपैकी जन्मतारखेवरून निम्म्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली. त्यातला मोठा भाग सुट्ट्या आणि मधल्या विश्रांती कमी झाल्याने आलेला होता. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

या आकड्यांचा गाजावाजा खूप झाला, पण दोन तपशील मागे पडले. एक म्हणजे, भाग घेण्यासाठी घरात स्वतंत्र खोली असणं ही अट होती. म्हणजे दार राखण्याचा प्रश्न आधीच सोडवलेली माणसं निवडली गेली होती. दुसरा, प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करायला सांगितली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपली निवड बदलली. घरून काम करणारे अनेक जण ऑफिसात परतले, आणि त्यांचं मुख्य कारण एकटेपणा होतं. शिवाय सारखीच कामगिरी असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली होती. जो दिसत नाही तो आठवत नाही.

एकट्याने राहणाऱ्याच्या घरात थोपवायला कुणी नसतं, पण उठवायलाही कुणी नसतं. जेवायला चल म्हणणारं माणूस नाही, निघू या का म्हणणारा सहकारी नाही. दिवस तसाच रात्रीत मिसळतो. कुटुंबाच्या स्वास्थ्याबद्दल बोलताना या माणसांचं नाव सहसा निघत नाही. ते चुकीचं आहे, कारण त्यांनाही आईवडील, मित्र असतातच. नव्याने नोकरीला लागलेल्यांचं नुकसान वेगळं. शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी माणसाला सहज विचारून जे शिकता येतं, त्यासाठी आता मीटिंग मागावी लागते.

याच कंपनीत पुढे २०२१-२२ मध्ये १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला. या वेळी आठवड्यातले दोन दिवस घरून, तीन दिवस ऑफिसात. नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं, कामगिरीच्या मूल्यमापनात आणि बढतीत फरक पडला नाही. स्त्रिया, लांबून येणारे आणि मॅनेजर नसलेले यांच्यात हा फायदा अधिक दिसला. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी हा मधला मार्ग मला आजघडीला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. ज्यांचं काम घरून होऊच शकत नाही अशी माणसं जगात बहुसंख्य आहेत, हे मात्र विसरू नये.

घरात काय ठरवता येतं

सल्ल्यांच्या याद्या पुष्कळ असतात, त्यांतले बरेचसे ‘स्वतःला शिस्त लावा’ या एकाच वाक्याचे प्रकार असतात. मला दोन-तीनच गोष्टी ठोस वाटतात.

पहिली म्हणजे दार राखण्याच्या कामाला वेळापत्रकात जागा द्यायची. आठवड्याच्या सुरुवातीला दोघांनी आपापली कॅलेंडर शेजारी ठेवून बघायचं, कुठल्या तासाला घराला कोण उत्तर देणार. सोमवारी तीन ते पाच एकाचं, पाच ते सात दुसऱ्याचं. ज्याचा तास असेल त्याने मुलं, दार, फोन सगळं बघायचं, आणि दार असलेली खोली त्या वेळी दुसऱ्याची. खोली एकच असेल तर ती कायम एकाची ठेवू नये. हे ठरवायला दहा मिनिटं लागतात, आणि न ठरवण्याची किंमत रोज मोजावी लागते.

दुसरी, काम थांबवताना दोन ओळी लिहायच्या: कुठवर आलो आणि पुढचं पाऊल काय. लरॉय यांच्याच नंतरच्या संशोधनात दिसलं की अशी नोंद करून उठलं तर मन मागे कमी अडकतं. मूल हाक मारत असताना एवढा अर्धा मिनिट मागून घेणं कुणालाही शक्य असतं. दिवसाच्या शेवटी याच ओळी लिहून, बूट घालून बाहेर एक चक्कर मारून आलं, तर गेलेल्या प्रवासाची चांगली बाजू थोडी परत मिळते.

पण घराने कितीही ठरवलं तरी समोरून रात्री मेसेज येत राहिले तर ते टिकत नाही. संशोधक लेस्ली पर्लो यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत केलेला प्रयोग म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ आधी ठरवून पूर्ण मोकळी द्यायची, आणि ती मिळतेय ना हे टीमने मिळून बघायचं. लोकांचं समाधान वाढलं, आणि एकमेकांचं काम माहीत करून घ्यावं लागल्याने आपसातला संवादही सुधारला. एकेकट्याने फोन बंद करायचं धाडस करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून नियम केल्याने हे साधलं.

काही देशांनी हा नियम कायद्यातच आणला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करावी लागते. पोर्तुगालने २०२१ साली उलट्या बाजूने सुरुवात केली: कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क न साधणं ही मालकाची जबाबदारी ठरवली. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कर्मचारी वेळेनंतरच्या फोन-मेलला उत्तर नाकारू शकतो, नकार अवाजवी नसला म्हणजे झालं. मला पोर्तुगालची दिशा जास्त पटते. हक्क कर्मचाऱ्याला दिला की तो वापरायचं धैर्यही त्यालाच गोळा करावं लागतं. जबाबदारी मालकावर टाकली की नाही म्हणण्याचा वाईटपणा कर्मचाऱ्याला घ्यावा लागत नाही.

आणि निवड एकदाच विचारून भागत नाही. सीट्रिपच्या माणसांना घरून काम हवंसं वाटलं होतं, त्यांनी ते स्वतः मागितलं होतं, तरी नऊ महिन्यांनी अनेकांना ते नको झालं. घरही बदलत असतं. बाळ रांगायला लागतं, वडिलांना एकटं ठेवता येईनासं होतं, भाड्याचं घर बदलतं आणि दार असलेली खोली जाते, जोडीदाराची शिफ्ट बदलते. अशा प्रत्येक वेळी आधीची वाटणी कोलमडते. म्हणून घरून किती दिवस आणि कुठले, हे कंपनीने दर काही महिन्यांनी पुन्हा विचारावं, आणि ते बदलून मागणाऱ्याला कारणांची सफाई द्यावी लागू नये.